टीम गेली, नाव राहिलं

माझा भाचा अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात एका विमा कंपनीच्या संगणक विभागात काम करतो. मागच्या सुट्टीत आला तेव्हा त्याने माझ्यासाठी एक टोपी आणली. टोपीवर जुन्या काळच्या वैमानिकाचा गॉगल काढलेला. "मामू, ही आमच्या गावच्या टीमची टोपी आहे," तो म्हणाला. चार वर्षांत डे मॉइन त्याचं ‘आमचं गाव’ झालं, याची गंमत वाटली. कुठला खेळ? फुटबॉल. मैदान कुठलं? मैदान नाही, हॉलमध्ये खेळतात. मला वाटलं पोरगा चेष्टा करतोय.

ती टोपी त्याला ऑफिसातल्या एका वयस्क सहकाऱ्याने दिली होती. हे गृहस्थ 1995 पासून, म्हणजे टीम सुरू झाली त्या वर्षापासून तिचे सामने बघतायत. पण भाचा पुढे असं काही बोलला की मी कान टवकारले. म्हणाला, "खरं तर ती टीम 2000 साली विकली गेली, न्यूयॉर्कला गेली आणि नंतर बंदही पडली. पण आमच्याकडे अजून खेळते." बंद पडलेली टीम खेळते कशी? या एका प्रश्नापायी मी बरीच रात्र जागलो. हाती जे लागलं ते इथे मांडतोय. खेळाच्या इतिहासात ज्यांना रस नाही अशा वाचकांनीही थोडा धीर धरावा, कारण ही गोष्ट खेळापेक्षा मालकीची जास्त आहे.

आधी खेळ समजून घेऊ. आपण फुटबॉल म्हणतो तो हा नाही. अंड्यासारखा लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड आणि एकमेकांच्या अंगावर धडकणारी धिप्पाड माणसं, हा त्यांचा फुटबॉल. तो 100 यार्ड लांब मैदानावर, एका बाजूने 11 जण असा खेळला जातो. आइस हॉकीच्या बंदिस्त हॉलमध्ये त्याचं छोटं रूप बसवण्याची कल्पना जिम फॉस्टर नावाच्या माणसाची. 11 फेब्रुवारी 1981 रोजी तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना बघत बसला होता. आपल्या ओळखीचा फुटबॉल तिथे छपराखाली चालला होता. हे जमतं तर आपला फुटबॉल का जमू नये, असं त्याच्या मनात आलं आणि जवळच्या तपकिरी लिफाफ्यावर त्याने मैदानाचा नकाशा काढला. 50 यार्ड लांबी, 85 फूट रुंदी, एका बाजूने 8 खेळाडू. कडेला गाद्या लावलेल्या भिंती. गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना उंच ताणलेली जाळी. चेंडू जाळीवर आपटून परत आला तरी खेळ चालूच, जो झेलेल त्याचा.

ही जाळीच या खेळाची जान होती. फॉस्टरने पुढे या खेळाचं पेटंट काढलं आणि 1990 साली ते त्याला मिळालंही. खेळाचं पेटंट! आट्यापाट्यांचं किंवा विटीदांडूचं पेटंट कुणी काढलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा. 2007 साली मुदत संपेपर्यंत ते टिकलं. त्यामुळे छपराखाली फुटबॉल खेळवणाऱ्या बाकीच्या लीग निघाल्या त्यांना ही जाळी वापरता येईना. त्यांनी बिनजाळीचा खेळ सुरू केला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लिफाफ्यापासून पहिल्या सामन्यापर्यंत पाच वर्षं गेली. दरम्यान फॉस्टर दुसऱ्या एका नव्या फुटबॉल लीगमध्ये नोकरीला लागला होता. ती लीग बुडाल्यावर त्याने लिफाफा पुन्हा बाहेर काढला. 1986 च्या एप्रिलमध्ये इलिनॉयमधल्या रॉकफर्डला एक चाचणी सामना झाला आणि 1987 मध्ये चार टीम घेऊन अरीना फुटबॉल लीग सुरू झाली.

फॉस्टर मूळचा आयोवाचा. 1995 साली त्याने आपल्या राज्यात, राजधानी डे मॉइनला टीम काढली. आयोवा म्हणजे मक्याचं, सोयाबीनचं, डुकरांच्या गोठ्यांचं राज्य. डे मॉइनची वस्ती सुमारे दोन लाख, विमा कंपन्या भरपूर, पण खेळाच्या बड्या लीगमधली एकही टीम अख्ख्या राज्यात नाही, तेव्हाही नव्हती आणि आताही नाही. अशा ठिकाणी लोक कॉलेजच्या टीमवर जीव लावतात, नाहीतर शेजारच्या राज्यातल्या टीमला आपलं म्हणतात.

टीमचं नाव ठेवलं ‘आयोवा बार्नस्टॉर्मर्स’. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराची जुनी विमानं स्वस्तात मिळू लागली, तेव्हा काही वैमानिक ती घेऊन गावोगाव फिरत. शेतात उतरायचं, आकाशात कसरती दाखवायच्या, गावकऱ्यांकडून पैसे घ्यायचे आणि पुढच्या गावाला निघायचं. आपल्याकडच्या डोंबाऱ्यांसारखाच हा प्रकार, फक्त दोरीच्या जागी विमान. ‘बार्न’ म्हणजे शेतावरची कोठी. त्यावरून त्यांना बार्नस्टॉर्मर्स म्हणत. टीमच्या हेल्मेटवर वैमानिकाचा गॉगल रंगवला. सामने व्हायचे व्हेटरन्स मेमोरिअल ऑडिटोरियममध्ये. 1955 सालची ती इमारत, आत सुमारे 11 हजार माणूस बसेल एवढी जागा. लोक तिला ‘द बार्न’ म्हणत. बसायची जागा मैदानाच्या अगदी लगत, त्यामुळे भिंतीवर आपटलेला खेळाडू कधी कधी पहिल्या रांगेतल्या माणसाच्या मांडीवर येऊन पडायचा.

आता कर्ट वॉर्नरबद्दल लिहिणं भाग आहे. खरं सांगायचं तर मला ते टाळायचं होतं, कारण या टीमबद्दल जगात जे काही सांगितलं जातं ते त्याच्यावरच सुरू होतं आणि त्याच्यावरच संपतं. 2021 साली त्याच्यावर ‘अमेरिकन अंडरडॉग’ नावाचा सिनेमाही आला. पण त्याला गाळून ही गोष्ट सांगता येत नाही.

वॉर्नर आयोवाचाच पोरगा, सीडर रॅपिड्सला वाढलेला. राज्यातल्याच एका लहान विद्यापीठात शिकला. तिथेही मुख्य क्वार्टरबॅक म्हणून शेवटच्या एकाच वर्षी खेळायला मिळालं. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, टीमचा मेंदू. 1994 मध्ये एनएफएलच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या लीगच्या, ग्रीन बे पॅकर्स टीमने त्याला सरावाला बोलावलं आणि हंगाम सुरू होण्याआधीच घरी पाठवलं. मग तो सीडर फॉल्सच्या ‘हाय-व्ही’ या किराणा दुकानात रात्रपाळीला मांडण्यांवर माल लावू लागला. मजुरी तासाला साडेपाच डॉलर. तिथून तो बार्नस्टॉर्मर्समध्ये आला. प्रशिक्षक होते जॉन ग्रेगरी, कॅनडाच्या फुटबॉलमध्ये बरीच वर्षं काढलेले.

या छोट्या मैदानाने वॉर्नरला काय दिलं, ते सिनेमापेक्षा खेळाच्या नियमांतून जास्त नीट कळतं. मैदान अर्धं, माणसं अंगावर येतात ती लगेच. चेंडू हातात ठेवून विचार करायला वेळच नाही. कुणाकडे फेकायचा हे चेंडू हातात येण्याआधीच ठरलेलं असावं लागतं. तीन हंगाम तो हेच करत राहिला. त्याच्या फेकीवर 183 टचडाउन झाले. टचडाउन म्हणजे चेंडू विरोधकांच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणं. पुढे एनएफएलमध्ये त्याच्या झटपट फेकीचं कौतुक झालं तेव्हा तिचं मूळ या कोठीत होतं.

1996 साली टीमने 14 पैकी 12 सामने जिंकले आणि अंतिम सामना डे मॉइनलाच झाला. समोर टॅम्पा बे स्टॉर्म. निकाल 42-38, चार गुणांनी हार. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी, यावेळी फिनिक्समध्ये अॅरिझोना रॅटलर्सच्या घरी, आणि 55-33 अशी सपशेल हार. म्हणजे टीमचा जो काळ सर्वांत चांगला म्हणतात, त्या काळातही हाती करंडक नाही. भाच्याच्या सहकाऱ्याची ठसठस अजून त्या चार गुणांचीच आहे.

1997 च्या हंगामानंतर वॉर्नरला शिकागो बेअर्सने चाचणीसाठी बोलावलं होतं. मधुचंद्राला गेला असताना त्याच्या कोपराला कोळी चावला, हात सुजला, चाचणी हुकली. नशिबाच्या गोष्टी सांगायच्या तर ही पुरे. नंतर सेंट लुईस रॅम्सने घेतलं, आधी युरोपात अॅमस्टरडॅमला खेळायला धाडलं, मग बाकावर बसवलं. 1999 मध्ये रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक हंगामाच्या तोंडावर जायबंदी झाला आणि वॉर्नर मैदानात उतरला. त्या हंगामात त्याच्या फेकीवर 41 टचडाउन झाले. 30 जानेवारी 2000 रोजी रॅम्सने सुपर बोल 23-16 असा जिंकला आणि सर्वोत्तम खेळाडू वॉर्नर ठरला. अख्ख्या अमेरिकेने विचारलं, हा होता कुठे? उत्तर होतं, आयोवाच्या कोठीत.

आता तारखा बघा. जानेवारी 2000 मध्ये बार्नस्टॉर्मर्सचं नाव देशभर झालं. त्याच वर्षीचा हंगाम डे मॉइनमधला त्या टीमचा शेवटचा हंगाम ठरला. टीम विकली गेली. घेणारे होते चार्ल्स वांग आणि संजय कुमार. संगणक व्यवसायातली मोठी नावं आणि न्यूयॉर्क आयलंडर्स या आइस हॉकी टीमचे मालक. त्यांच्याकडे लाँग आयलंडवर हॉकीचा हॉल होता आणि हॉकी नसताना तो भरायचा होता. 2001 पासून टीम तिथे ‘न्यूयॉर्क ड्रॅगन्स’ नावाने खेळू लागली. वॉर्नरनंतर डे मॉइनमध्ये चेंडू फेकणारा अॅरन गार्सिया तिकडे गेला. नाव, गॉगल आणि कोठी मात्र इथेच राहिली.

मला यात योगायोग दिसत नाही. पुरावा कागदावर दाखवता येणार नाही, पण क्रम बोलका आहे. वॉर्नरच्या यशाने मोठ्या पैशाला कळलं की या हॉलमधल्या खेळातही काहीतरी आहे. त्यानंतरच्या काही वर्षांत डॅलसच्या एनएफएल टीमचे मालक जेरी जोन्स या लीगमध्ये आले, गायक जॉन बॉन जोव्ही फिलाडेल्फियाच्या टीमचा सहमालक झाला, 2003 पासून एनबीसी वाहिनीने सामने दाखवायला सुरुवात केली. टीव्हीला मोठी शहरं हवी असतात. डे मॉइनने लीगला तिचा सर्वांत मोठा तारा दिला आणि त्या ताऱ्याच्या उजेडात लीगला डे मॉइन लहान दिसू लागलं.

गावाला उष्टं मिळालं ते असं. लीगने लहान शहरांसाठी 2000 साली ‘एएफ2’ नावाची दुय्यम लीग काढली होती. 2001 मध्ये तिच्यात बार्नस्टॉर्मर्स नावाची नवी टीम त्याच कोठीत उतरली. एक हंगाम खेळली आणि बंद झाली. फॉस्टर स्वतः याच दुय्यम लीगमध्ये आयोवा-इलिनॉयच्या सीमेवर क्वाड सिटीज भागात दुसरी टीम चालवत होता. तिने पहिल्याच वर्षी सगळेच्या सगळे 19 सामने जिंकले. खेळाचा शोध लावणारा माणूसही अखेर दुय्यम लीगमध्येच रमला, हे मला फार आवडलं.

मग डे मॉइनमध्ये काही वर्षं काहीच नाही. दरम्यान शहराने नवीन मोठा हॉल बांधला, तो 2005 मध्ये सुरू झाला. जुन्या कोठीतले सामने थांबले, पुढे तिचं संमेलन केंद्र केलं. नव्या संकुलात शेजारीच एक प्रदर्शनगृह आहे. त्याला सुरुवातीला नाव दिलं होतं कुणाचं? ‘हाय-व्ही हॉल’. तेच किराणा दुकान. मी भाच्याला विचारलं तर त्याला या नावात काही विशेष वाटलेलंच नव्हतं. तो तिथे कसल्याशा नोकरी मेळाव्याला जाऊन आला होता.

2008 मध्ये बार्नस्टॉर्मर्स तिसऱ्यांदा जन्मली, पुन्हा एएफ2 मध्ये, नव्या हॉलमध्ये. वेळ मोठी बाका होती. त्याच वर्षी अमेरिकेच्या बँका कोसळल्या. मोठ्या लीगने डिसेंबरमध्ये 2009 चा हंगामच रद्द केला आणि पुढे दिवाळखोरी पत्करली. न्यूयॉर्क ड्रॅगन्स म्हणजे कागदोपत्री ‘मूळ’ बार्नस्टॉर्मर्स तिथेच संपली. गंमत अशी की 2009 चा हंगाम एएफ2 ने मात्र खेळून काढला. लहान शहरं, लहान पगार, लहान तोटा. मोठे मालक घरी बसले होते तेव्हा डे मॉइनमध्ये सामने चालू होते.

त्यानंतर जे झालं ते या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत विलक्षण वाटलं. डिसेंबर 2009 मध्ये बुडालेल्या लीगच्या मालमत्तेचा लिलाव झाला. एएफ2 मधल्या टीम आणि इतर काही जणांनी मिळून ती 61 लाख डॉलरना विकत घेतली. मालमत्ता म्हणजे काय, तर टीमची नावं, चिन्हं आणि लीगचं नाव. हॉल नाहीत, खेळाडू नाहीत. 2010 मध्ये या मंडळींनी जुन्या नावाने लीग सुरू केली आणि बार्नस्टॉर्मर्स पुन्हा ‘मोठ्या’ लीगमध्ये आली. मोठ्या लीगने लहान शहरांना हाकललं होतं, आणि मोठी लीग बुडाल्यावर तिचा वारसा लहान शहरांनीच बोली लावून सोडवून आणला. आपल्याकडे सावकाराच्या घरातली गहाण भांडी सोडवून आणतात, तसं. 2011 मध्ये टीमने वॉर्नरचा 13 क्रमांक कायमचा निवृत्त केला. त्याने तो अंगावर चढवला होता विकल्या गेलेल्या टीमसाठी. कागद धरून बसायचं तर या टीमला तो हक्कच नव्हता. पण गावात तो प्रश्न कुणी विचारल्याचं दिसत नाही.

वरची लीग फार काळ परवडली नाही. 2015 पासून बार्नस्टॉर्मर्स इनडोअर फुटबॉल लीगमध्ये गेली. ही 2009 पासून चालणारी, मध्य अमेरिकेतल्या लहान शहरांची लीग, बिनजाळीच्या खेळाची. मघाशी पेटंटचा मुद्दा सांगितला तो इथे लागतो. फॉस्टरने काढलेली टीम आता फॉस्टरच्या जाळीशिवाय खेळू लागली. ज्यांना जुन्या खेळाचा अभिमान होता त्यांना ही उतरण वाटली असणार. पण मोठी लीग 2019 मध्ये पुन्हा दिवाळखोरीत गेली. डे मॉइनच्या लोकांनी चार वर्षं आधीच घर बदललं होतं.

या लहान लीगमध्ये कुणी श्रीमंत होत नाही. खेळाडू दिवसा दुसरी कामं करतात, हंगाम संपला की पांगतात. वॉर्नर होण्याची आशा प्रत्येकाला असते आणि जवळजवळ कुणीच होत नाही. म्हणूनच एका माणसाच्या सिनेमावर या टीमचा इतिहास संपवायला माझा विरोध आहे. वॉर्नर तिथे तीन हंगाम होता. बाकीचे हंगाम ज्यांनी खेळले आणि ज्यांनी तिकिटं काढून बघितले, त्यांचा हिशेब कुठल्या पडद्यावर नाही.

14 जुलै 2018. इनडोअर फुटबॉल लीगचा अंतिम सामना, साउथ डकोटातल्या सू फॉल्समध्ये. समोर सू फॉल्स स्टॉर्म, म्हणजे 2011 ते 2016 सलग सहा वेळा ही लीग जिंकलेली टीम, तीही तिच्या घरच्या मैदानावर. निकाल 69-68. एका गुणाने बार्नस्टॉर्मर्स जिंकली. तीन जन्म, चार लीग, दोन हॉल, आणि 1995 पासून पहिला करंडक.

हे सगळं वाचून झाल्यावर मी भाच्याला फोन केला. म्हटलं, तुझ्या त्या सहकाऱ्याला एक विचार. 1996 चे ते चार गुण या एका गुणाने फिटले का? दोन दिवसांनी त्याचा निरोप आला. "मामू, ते म्हणाले, हा सामना मी कॉम्प्युटरवर बघितला. तेव्हा मी आत बसलो होतो."